पिस्तूल निवडायला बीरशेबाला

आपल्या अंकात सहलींची वर्णनं नेहमीच येतात. कुणी भारतात जाऊन आलं की अलिबाग-रेवदंडा येतं, नाहीतर एलात, नाहीतर गलीलचं सरोवर. पिस्तुलाच्या दुकानाची सहल मात्र आमच्या वाचनात आलेली नाही. आमच्या वयाच्या मंडळींना वाटेल, हे काय आता नवीन! पण ऑक्टोबर २०२३ पासून आपल्यापैकी कितीतरी घरांत हा विषय जेवणाच्या टेबलावर येऊन बसलेला आहे. मोठी माणसं हळू आवाजात बोलतात आणि मुलं कान देऊन ऐकतात. तेव्हा म्हटलं, जे पाहिलं ते सरळ लिहावं, म्हणजे मुलांनाही वाचता येईल.

आम्ही दोघं दिमोनाला राहतो. मुलगा, सूनबाई आणि दोन नातवंडं ओफाकिमला. नात अकरा वर्षांची, नातू सहा वर्षांचा. ओफाकिम गाझाच्या हद्दीपासून वीस-पंचवीस किलोमीटर आत, म्हणून आम्ही ते नेहमी सुरक्षितच समजत आलो. ७ ऑक्टोबर २०२३ ला, सिम्हाथ तोराच्या सकाळी, हल्लेखोर थेट तिथल्या मिशोर हागेफेन वस्तीत शिरले. ही जुनी वस्ती आहे. पुष्कळ घरांना मामाद नाही, सायरन वाजला की लोकांना रस्त्यावरच्या मिकलाटकडे धावावं लागतं. अनेक माणसं त्या धावपळीतच मारली गेली. सणाला घरी आलेले काही पोलीस, काही सैनिक, काही साधे रहिवासी हातात नुसतं पिस्तूल घेऊन रायफलवाल्यांसमोर उभे राहिले. त्याच गावातल्या राहेल एद्री ह्या आजीबाईंनी घरात घुसलेल्या बंदूकधाऱ्यांना कॉफी-बिस्किटं देऊन कित्येक तास बोलण्यात गुंतवून ठेवलं आणि त्या व त्यांचे यजमान दोघंही वाचले, हे तर साऱ्या जगाला ठाऊक आहे. आमच्या सूनबाईंची गल्ली वाचली. पण पुढे मुलगा मिलुईमला गेला तो महिनोन्‌महिने, आणि रात्री दोन मुलांसह ती एकटी. तिनं सैन्यात पुरी नोकरी केलेली आहे. एक दिवस फोनवर म्हणाली, "आई, बाबा, मी नेशेकच्या रिशायोनसाठी अर्ज केला आहे." नेशेक म्हणजे हत्यार, रिशायोन म्हणजे परवाना. बालदोस्तांना हे सांगायला नको, पण भारतातून आपला अंक वाचणारेही आहेत.

आम्ही जरा वेळ गप्पच राहिलो. मग म्हटलं, घेणार असशील तर आम्ही बरोबर येतो.

आता कायद्याचं थोडक्यात. इस्रायलमध्ये पिस्तूल बाळगणं हा हक्क नाही, परवानगी आहे, आणि ती मिळायला कारण लागतं. ठरावीक गावात राहणं, सैन्यात ठरावीक प्रशिक्षण झालेलं असणं, अशी ती कारणं असतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये ह्या अटी बऱ्याच सैल केल्या गेल्या. लाखो अर्ज आले आणि मार्च २०२४ पर्यंत एक लाख नवे परवाने दिले गेले. वय, नोकरी, डॉक्टरनं सही केलेलं तब्येतीचं पत्रक, मुलाखत, हे सगळं पार पडलं की आधी अटीसह मंजुरी मिळते. ती घेऊन दुकानात जायचं, पिस्तूल निवडायचं, मितवाखवर म्हणजे नेमबाजीच्या जागी प्रशिक्षण घ्यायचं, आणि मगच परवाना. साधारण नागरिकाला एक पिस्तूल. गोळ्या पूर्वी ५० पर्यंत ठेवता येत, २०२३ मध्ये ती मर्यादा १०० केली.

नोव्हेंबर २०२४ मधल्या एका सकाळी आम्ही दिमोनाहून बसनं निघालो. हा २५ नंबरचा रस्ता आमच्या पायाखालचा. दिमोनाच्या टेकडीवरून उतरलं की दोन्ही बाजूंना उघडा नेगेव, मधूनमधून बेदुइनांची पत्र्याची घरं, मेंढरांचे कळप, उंटांपासून सावध राहा अशी पिवळी-लाल पाटी. दूरवर नेवातिमच्या हवाई तळावरून विमानं उठत होती. पूर्वी ह्या बसमध्ये सैनिकांच्या खांद्यावर रायफली दिसत. त्या दिवशी आमच्या पुढच्या बाकावरची बाई भाजीची पिशवी घेऊन बसलेली, आणि उठली तेव्हा तिच्या कमरेलाही पिस्तूल. आम्ही एकमेकांकडे पाहिलं.

बीरशेबाच्या बसस्थानकावर सूनबाई गाडी घेऊन आलेल्या होत्या. दुकान औद्योगिक वस्तीत होतं. एका बाजूला फरश्यांचं गोदाम, दुसऱ्या बाजूला टायरवाला, समोर स्वयंपाकघराची कपाटं करणारा, आणि मध्ये जाडजूड लोखंडी दार. दाराच्या चौकटीवर मेझुझा. मॉलच्या दारात रखवालदार आपल्याला विचारतो, "नेशेक आहे का?" आणि आपण नाही म्हणून आत जातो. इथे नाही म्हणणारे आम्ही दोघंच असू. आत काचेची कपाटं, कॉफीचं मशीन, आणि भिंतीपलीकडून येणारे धप्‌-धप्‌ आवाज. पाटावर ओलं धुणं आपटावं तसे. रांगेत एक शिक्षिका मुलांच्या वह्या तपासत बसली होती. एक कॉलेजचा मुलगा, एक रशियन आजोबा, पोटुशी सून घेऊन आलेली एक मोरोक्कन सासू. कुणाच्याही चेहऱ्यावर सिनेमातल्यासारखा उत्साह नव्हता. दवाखान्यात नंबर लावून बसलेली माणसं जशी असतात तशी बसली होती.

मद्रीख, म्हणजे शिकवणारा, पन्नाशीचा माणूस. चष्मा कपाळावर ढकललेला. कुठलं पिस्तूल हवं हे त्यानं विचारलंच नाही. त्यानं विचारलं, घरात कोण कोण आहे? मुलांची वयं काय? महिन्यातून किती वेळा सरावाला येणार? तिजोरी घेतली का?

"पिस्तूलच अजून घेतलेलं नाही," सूनबाई म्हणाल्या.

"म्हणून तर विचारतो," तो म्हणाला. "आधी तिजोरी, मग पिस्तूल. उलट क्रमानं घेणाऱ्याला मी परत पाठवतो."

आम्हाला तो माणूस तिथेच आवडला.

मग त्यानं एक पिस्तूल काढलं. मॅगझिन काढून बाजूला ठेवलं, वरची स्लाईड मागे ओढली, आत डोकावून पाहिलं, आत करंगळी घालून चाचपलं, सूनबाईंना दाखवलं आणि मगच हातात दिलं. पिस्तूल एका हातातून दुसऱ्या हातात जाताना प्रत्येक वेळी तो हेच करत होता. त्या तासाभरात त्यानं तीसएक वेळा तरी केलं असेल, आणि एकदाही घाईनं नाही.

बालदोस्तांनो, ह्यामागचं कारण समजून घ्या. जुन्या हिंदी सिनेमात इन्स्पेक्टरसाहेबांच्या हातात असायचं ते रिव्हॉल्व्हर. त्यात एक गोल फिरणारी चकरी असते आणि चकरीच्या भोकांत पाच-सहा गोळ्या. आता सगळीकडे दिसतं ते सेमी-ऑटोमॅटिक. ह्यात गोळ्या मुठीच्या आत, मॅगझिन नावाच्या चपट्या डबीत, एकावर एक रचलेल्या असतात आणि खालून स्प्रिंग त्यांना वर ढकलते. स्लाईड मागे ओढून सोडली की वरची गोळी नळीत जाऊन बसते. चाप ओढला की ती सुटते, धक्क्यानं स्लाईड आपोआप मागे जाते, रिकामी पुंगळी बाहेर फेकते आणि परत येताना पुढची गोळी नळीत बसवते. पण चाप एकदा ओढला की गोळी एकच सुटणार, दुसरीसाठी पुन्हा ओढावा लागणार, म्हणून ते अर्धंच स्वयंचलित. आणि सगळ्यात वाईट खोच ही की मॅगझिन काढून घेतलं तरी नळीतली एक गोळी तशीच राहते. 'मॅगझिन काढलं, आता रिकामं आहे' असं समजून जगभर माणसं मेली आहेत. म्हणून ती करंगळी. म्हणूनच मित्राच्या घरी, कुणाच्या पिशवीत, कुठेही पिस्तूल दिसलं तर हात लावायचा नाही, तिथून निघून जायचं आणि मोठ्या माणसाला सांगायचं. रिकामं आहे असं कुणी शपथेवर सांगितलं तरी.

गोळीचा आकार ठरवायला वेळ लागला नाही. ९ मिलिमीटर. इथे सैन्य, पोलीस, रखवालदार सगळे तीच वापरतात, ती सगळीकडे मिळते, आणि धक्का सोसवतो. खरा वेळ गेला तो पुढे.

दुकानात आलेला प्रत्येक पुरुष बायकांसाठी लहान पिस्तूल सुचवतो, असं मद्रीख हसत म्हणाला. आम्हीही मनात तेच म्हणत होतो. सिग पी३६५ हे २०१८ मधलं, ग्लॉक ४३एक्स हे २०१९ मधलं, दोन्ही सडपातळ आणि हलकी. दिसायला पर्समध्ये मावतीलशी. त्यानं दोन्ही सूनबाईंच्या हातात दिली आणि स्लाईड ओढायला सांगितली. पी३६५ ची मूठ इतकी आखूड की करंगळी अधांतरी राहिली. शिवाय छोट्या पिस्तुलाची स्लाईड छोटी, म्हणून आतली स्प्रिंग ताठ असते. आणि वजन कमी म्हणजे गोळी सुटताना हात जास्त उडतो. लपवून बाळगायला ती उत्तम, पण शिकायला कठीण. नव्या माणसाला हात उडू लागला की तो चाप ओढताना आधीच डोळे मिटतो आणि सरावाला यायचं टाळतो. लहान पायाला लहान चप्पल हा हिशेब इथे लागू पडत नाही, एवढं आम्ही त्या दिवशी शिकलो.

मग आलं जेरिको ९४१. आपल्याकडे १९९० पासून बनतं, चेकोस्लोवाकियाच्या सीझेड ७५ वरून बेतलेलं. नावातला ९ म्हणजे ९ मिलिमीटर आणि ४१ म्हणजे त्याच पिस्तुलात नळी बदलून चालणारी दुसरी एक गोळी. ती गोळी बाजारातून गेली, आकडा मात्र राहिला. आम्हा दोघांपैकी एकाला (कोणाला ते घरचे ओळखतील) हेच फार आवडलं. यहोशवानं यरीहोच्या भिंती पाडल्या, तेव्हा नावातच बरकत आहे वगैरे. सबंध पोलादी, किलोभर वजनाचं. वजनामुळे धक्का कमी आणि गोळी नेमकी जाते. पण किलोभर लोखंड कमरेला बांधून मुलांना शाळेत सोडणं, बाजार करणं, बसमध्ये चढणं कुणी करून पाहावं. तिसऱ्या आठवड्यात ते तिजोरीतच राहतं. सूनबाईंनी पाहिलं, वाखाणलं आणि परत दिलं.

शेवटी मधल्या मापाची दोन उरली. एक ऑस्ट्रियाचं ग्लॉक १९. ग्लॉकसाहेबांचा कारखाना आधी पडद्याच्या दांड्या आणि सुऱ्या करायचा. १९८२ साली ऑस्ट्रियाच्या सैन्यानं त्यांचं पहिलं पिस्तूल घेतलं, आणि १९८८ साली हे जरा आखूड १९ आलं. अर्धं प्लास्टिकचं, रिकामं असताना वजन सुमारे ६०० ग्रॅम, मॅगझिनमध्ये १५ गोळ्या. दुसरं मसादा, २०१७ मध्ये आलेलं, आपल्या किर्यात गातच्या कंपनीचं, १७ गोळ्यांचं. दोन्हींच्या मुठीचा मागचा भाग लहान-मोठा बदलता येतो. लहान हातांना ह्याचा फार उपयोग. मूठ नीट धरल्यावर बोटाचं पहिलं पेर चापावर सहज पोचलं पाहिजे. पोचत नसेल तर मनगट वाकवून धरावं लागतं आणि नेम चुकतो.

ग्लॉकला बाहेरून खटका नाही. पाडलं, आपटलं तरी सुटू नये म्हणून आत तीन अडसर आहेत, पण चाप ओढला की ते एकामागून एक आपसूक निघतात. म्हणजे खरा खटका कुठला? तुमचं बोट. मद्रीखानं सांगितलं, होल्स्टर असं हवं की चाप पूर्ण झाकला जाईल, आणि ते कमरेला हवं. पर्समध्ये मुळीच नाही. पर्समध्ये आई बिस्किटाचा पुडा आणि ओले रुमाल ठेवते, आणि पर्समध्ये हात घालणं हा मुलांचा जन्मसिद्ध हक्क असतो. ह्यावर त्या रांगेतल्या मोरोक्कन सासूबाई मोठ्यानं हसल्या आणि मग एकदम गप्प झाल्या.

आता मुख्य गोष्ट. इथली जुनी पद्धत अशी की पिस्तूल बाळगताना नळी रिकामी ठेवायची. गोळ्या मॅगझिनमध्येच. गरज पडली तर काढायचं, स्लाईड ओढायची, मग ते तयार. जगभर ह्याला इस्रायली पद्धत म्हणूनच ओळखतात. ह्यात अपघात कमी होतात. पण त्याचा अर्थ असा की स्लाईड ओढता येणं हे सगळ्यात महत्त्वाचं. दोन बोटांच्या चिमटीत धरून नाही, वरून सबंध पंजानं धरायची आणि दुसऱ्या हातानं मूठ पुढे रेटायची. सूनबाईंना त्यानं सलग वीस वेळा करायला लावलं. पहिल्या दहांना काही वाटलं नाही, पुढच्या दहांना हात भरून आला. "थकल्यावर जे ओढता येतं ते तुमचं पिस्तूल," तो म्हणाला.

सूनबाईंनी मग आमच्या मनातला प्रश्न विचारला. "माझ्या कडेवर मूल असेल तर? दोन हात कुठून आणू?"

तो जरा थांबला. म्हणाला, "मग पिस्तूल नाही. मग पळायचं. मुलाला घेऊन दाराआड जायचं, दार लावायचं. हे पिस्तूल दार लावल्यानंतरचं आहे."

आम्हाला वाटतं, त्या दिवसात ऐकलेलं सगळ्यात कामाचं बोलणं हेच. दुसऱ्या एका दुकानात कदाचित नळी भरून ठेवायला सांगतील, तसंही मानणारे पुष्कळ आहेत. सूनबाईंनी मात्र तिथेच ठरवलं, घरात सहा वर्षांचा मुलगा आहे तोवर नळी रिकामी.

मितवाखवर तिनं कानांना गोल झाकणं आणि डोळ्यांना चष्मा लावून दोन्ही पिस्तुलांतून पाच-पाच गोळ्या झाडल्या. आम्ही काचेपलीकडून पाहत होतो. एरवी भाकरी थापताना आणि मालिद्याची ताटं भरताना पाहिलेले हात. ग्लॉकच्या पाचही कागदाच्या मधोमध नव्हत्या, पण एकमेकींजवळ होत्या. मसादाच्या जरा विखुरल्या. बस्स, एवढ्यावर ठरलं. मसादात काही उणं नाही. दुसऱ्या कुणाच्या हातात नेमकं उलट होईल. म्हणून कुणी विचारलं की पहिलं पिस्तूल कुठलं चांगलं, तर आम्ही नाव सांगत नाही. विचारतो, तुझा हात केवढा?

आमच्यापैकी एकानं स्लाईड ओढून पाहायची हौस केली. संधिवाताच्या बोटांनी ती अर्धीसुद्धा मागे आली नाही. मद्रीखानं आदरानं पिस्तूल काढून घेतलं आणि कॉफी विचारली. आमच्या वयाच्या वाचकांना ह्यावरून सांगावंसं वाटतं: हात थरथरत असेल, झोपेच्या गोळ्या चालू असतील, विसरायला होत असेल, तर नव्या पिस्तुलाच्या फंदात पडू नये. आणि ज्यांच्याकडे जुन्या परवान्याचं आहे त्यांनी ते परवानाधारक दुकानात किंवा पोलिसांकडे रीतसर जमा करण्याचा विचार करावा. आपल्या पूर्वजांत सैनिक पुष्कळ झाले. मुंबईत १७९६ साली शाआर हारहमीम सिनेगॉग बांधणारे समाजी हसाजी दिवेकर हे कंपनीच्या फौजेतलेच. घरोघरी सुभेदार आजोबांचा फेट्यातला फोटो असायचा. पण आमच्या कोकणातल्या घरात हत्यार म्हणजे कोयता आणि विळी. पिस्तूल म्हणाल तर शेजारच्या मुलांबरोबर दिवाळीत उडवलेलं टिकल्यांचं.

तेच आता नातवाकडे आहे, पुरिमचं. काऊबॉय झाला होता तेव्हाचं, प्लास्टिकचं, काळं. दुकानात ग्लॉक पाहिलं तेव्हा आमच्या दोघांच्या मनात एकदमच आलं, लांबून दोन्ही सारखीच दिसतात. त्या आठवड्यात सूनबाईंनी ते खेळणं फेकून दिलं. नातू दोन दिवस रुसला. त्याला लाल रंगाची पाण्याची पिचकारी आणून दिली.

तिजोरीचं सांगायचं राहिलं. ती आम्ही घेऊन दिली. किल्लीची नको, आकड्यांची हवी, ह्यावर आमचं एकमत होतं. किल्ली कितीही लपवा, घरात ती कुठे आहे हे मुलांना सगळ्यात आधी कळतं. आमच्या लहानपणी लाडवांच्या डब्याची कळायची तशीच. कपाटाच्या आत भिंतीला चार बोल्टनी ती पक्की केली. गोळ्या वेगळ्या कप्प्यात.

आणि धोका फक्त मुलांचाच नसतो. सैन्यात एक गोष्ट घडली ती सर्वांना माहीत असावी. २००६ साली असं ठरलं की आठवड्याच्या सुटीत घरी जाणाऱ्या सैनिकांनी रायफल छावणीतच ठेवून जायची. पुढे २०१० मध्ये त्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला, तेव्हा दिसलं की तरुण सैनिकांच्या आत्महत्या सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाल्या, आणि त्या कमी झाल्या मुख्यतः सुटीच्या दिवसांत. हत्यार हाताशी नव्हतं एवढ्यानं ती वाईट घटका टळली. मुलगा मिलुईमवरून येतो तेव्हा फार गप्प असतो. हे आम्ही कुणाला मोठ्यानं म्हटलं नाही. पण सूनबाई स्वतःच म्हणाल्या, "आकडा फक्त मलाच माहीत असेल. त्यालाही नाही. आणि हे त्याला सांगून झालं आहे." मुलानं मान हलवली. नाराज दिसला नाही. सुटल्यासारखा दिसला.

दुसरी भीती बाहेरची. ३० नोव्हेंबर २०२३ ला येरुशलायिमच्या वेशीवर बसथांब्यावर हल्ला झाला. युवाल कास्टेलमान ह्या वकिलानं गाडी थांबवून, रस्ता ओलांडून, स्वतःच्या परवान्याच्या पिस्तुलानं हल्लेखोरांवर गोळ्या झाडल्या. मग आलेल्या सैनिकांनी त्यालाच हल्लेखोर समजलं. त्यानं पिस्तूल टाकलं, गुडघ्यांवर बसला, हात वर केले, तरी गोळी लागली आणि तो गेला. मद्रीख प्रत्येक नव्या माणसाला ही हकीकत सांगतो. साध्या कपड्यांतल्या माणसाच्या हातात पिस्तूल दिसलं की समोरच्याला तुमचं नाव-गाव दिसत नाही, हे ऐकवल्याशिवाय तो पावती करत नाही.

सूनबाईंचं प्रशिक्षण हनुक्काच्या सुटीत होतं. मुलगा चार दिवस घरी होता, तेव्हा त्या दिवशी मुलांना घेऊन कुठे जायचं हा प्रश्न आला. नात महिनाभर विचारत होती, साव्ता, गोळीच्या आत काय असतं, ती कोण करतं? म्हणून गाडीनं तासाभराच्या अंतरावर रेहोवोतला, गिवात हाकिब्बुत्सिम टेकडीवर गेलो. तिथे मखोन अयालोन नावाचं संग्रहालय आहे. आधी कळवून जावं लागतं, माहीतगार बरोबर येतो. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांनी नातवंडांना घेऊन जरूर जावं.

वर पाहावं तर साधा किब्बुत्स. लॉण्ड्री, बेकरी, झाडं. खाली सुमारे आठ मीटर खोल, लांबट तळघर, आणि त्यात १९४५ ते १९४८ ह्या काळात इंग्रजांच्या नाकाखाली चाललेला गोळ्यांचा कारखाना. लॉण्ड्रीतलं मोठं धुलाईयंत्र बाजूला सरकतं आणि खाली जायला गोल जिना दिसतो. नातवानं ते तीन वेळा सरकवायला लावलं. बेकरीची दहा टनी भट्टी दुसरं भोक झाकायची, तिथून यंत्रं उतरवलेली. यंत्राच्या आवाजावर लॉण्ड्रीच्या आवाजाचं पांघरूण. लॉण्ड्रीत गिऱ्हाईक फार येऊ लागलं, इंग्रज सैनिकांचे गणवेषसुद्धा, तेव्हा ह्यांनी रेहोवोत गावातच कपडे घ्यायची शाखा उघडली, म्हणजे टेकडीवर कुणी यायला नको.

पंचेचाळीसएक तरुण-तरुणी रोज खाली उतरत. उन्हाचा पत्ता नाही, चेहरे पांढरेफटक. किब्बुत्सवाला आणि उन्हानं रापलेला नाही, म्हणजे संशय. म्हणून त्यांना खास दिव्यांखाली बसवून रापवत. वर येताना बुटांत, कपड्यांत पितळेचा कीस अडकला आहे का हे तपासत. पितळ हवं ते लिपस्टिकच्या डब्या करायच्या आहेत असं सांगून मागवलेलं. किब्बुत्सवरच्या ज्या लोकांना हे गुपित माहीत नव्हतं, त्यांना आपसात 'जिराफ' म्हणत. इंग्रज अधिकारी मधूनच यायचे. त्यांना कोमट बिअर दिली आणि सांगितलं, आधी कळवून या म्हणजे थंड देऊ. तेव्हापासून ते कळवून येऊ लागले! पकडले गेले असते तर फाशी होती. तीन वर्षांत वीस लाखांहून जास्त गोळ्या झाल्या. पुढे १९४९ साली ह्याच मंडळींनी समुद्रकाठी मागान मिखाएल किब्बुत्स वसवला.

त्या गोळ्या स्टेन बंदुकीसाठी होत्या. माहीतगार बाईंनी काचेखालची एक दाखवली आणि माप सांगितलं: ९ मिलिमीटर. नातीनं आमच्याकडे वळून विचारलं, "इमाची पण हीच?" हो, हीच. शंभरेक वर्षांपूर्वी जर्मनीत गेओर्ग लुगर ह्यानं बसवलेलं काडतूस, त्याचं पॅराबेलम हे नाव युद्धाच्या तयारीवरच्या एका लॅटिन म्हणीतलं. पितळेची पुंगळी, आत दारू, बुडाला ठिणगी देणारी टिकली, टोकाला शिशाची गोळी. टिकली म्हटल्यावर आजोबांना आपल्या दिवाळीची आठवण सांगणं भागच होतं. ती सांगून होईपर्यंत नातू पुन्हा त्या धुलाईयंत्राकडे पळाला.

परतीच्या वाटेवर नातीनं विचारलं, "त्या लोकांनी घरच्यांनाही सांगितलं नव्हतं?" नव्हतं सांगितलं. ती थोडा वेळ खिडकीबाहेर बघत बसली आणि मग म्हणाली, "पण इमानं आम्हाला सांगितलं." सूनबाईंनी खरंच सांगितलं होतं. तिजोरी बसवली त्या रात्री दोघांना समोर बसवून: आत काय आहे, का आहे, आणि हात लावायचा नाही. लपवलेल्या वस्तूला मुलं शोधतात, असं तिचं म्हणणं. आम्हाला ते पटलं. शेजारच्या मुलांच्या आयांना मात्र तिनं वेगळं जाऊन सांगितलं की घरी पिस्तूल आहे आणि ते कुलपात असतं. एकीनं आपल्या मुलाला खेळायला पाठवणं बंद केलं. तिचा राग धरू नये, असं आम्हाला वाटतं. अजून ती पाठवत नाही.

आता दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात एक दिवस सूनबाई बीरशेबाच्या मितवाखवर जातात. परवाना नव्याने करताना पुन्हा प्रशिक्षण लागतंच, पण मद्रीखानं सांगितलं होतं, तीन वर्षं वाट पाहणाऱ्याच्या हातात काही राहत नाही. त्या दिवशी मुलं शाळेतून परस्पर आमच्याकडे दिमोनाला येतात. नातवाला चपाती आणि बटाट्याची भाजी लागते, नातीला आता मिरचीचं लोणचंही चालतं. सूनबाई संध्याकाळी येतात, दारात थांबतात, पदराखाली नसलं तरी सवयीनं कमरेला हात लावून होल्स्टर पक्कं आहे ना ते बघतात आणि मगच मुलांना जवळ घेतात. आमच्याकडे तिजोरी नाही, म्हणून त्या रात्री मुक्काम करत नाहीत. जेवून, मुलांना गाडीत घालून ओफाकिमला परत जातात, आणि पोचल्यावर फोन करतात.